वंदाक्काचं खरं वजन

वंदाक्का कुठंही गेली की माणसांच्या आधी खुर्च्या बघायची. लग्नाचा हॉल असो, दवाखाना असो की नवीन निघालेलं कॉफीचं दुकान, ती दारात थोडी थांबायची, नजर फिरवायची आणि मग ठरवायची, बसायचं की उभं राहायचं. ओळख झाली तेव्हा मला वाटलं, बाई फर्निचरच्या धंद्यातली असावी.

मला मुळातच नसत्या चौकशा फार. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातलं वाशी. आई म्हणते, बाजारात कुणी पिशवी घेऊन चाललं तरी तुला आत काय आहे ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. नोकरीसाठी पुण्यात आले आणि मुलींच्या होस्टेलवर दोन कॉटच्या खोलीत मला वंदाक्का मिळाली. ती ढोकीची, वयानं माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि अंगानं माझ्या दुपटीहून जास्त. मी पहिल्या दिवशी तिला ‘तुम्ही’ म्हटलं. ती म्हणाली, “एका जिल्ह्यातल्या आपण. तू म्हण. पण आक्का म्हण, फुकटची मोठी झाले न्हाय मी.” माझं तिनं त्याच दिवशी ‘पाचट’ असं नाव ठेवलं. ऊस तोडल्यावर शेतात वाळकी पानं उरतात, ती पाचट. वारा आला की उडून जाईल, असं माझं अंग होतं.

आठवडाभर कळ काढून मी शेवटी खुर्च्यांचं विचारलंच. तिला राग आला नाही. “हाताची खुर्ची माझी वैरीण,” म्हणाली. धाराशिवला चुलतबहिणीच्या लग्नात ती प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. अक्षता पडायची वेळ झाली, सगळे उठले, तीही उठली आणि तिच्याबरोबर खुर्चीही उठली. “फोटोवाला लई कामसू. नवरा-नवरी सोडून त्यानं माझाच फोटो काढला.” हे सांगून ती खूप हसली. मीही हसले, आणि मग हसले म्हणून मला लाज वाटली. ती म्हणाली, “हस गं. म्या हसल्यावर हसायचं, म्या हसायच्या आधी न्हाय. एवढं पाळलं तरी पुरे.”

तिचं काम विमा कंपनीच्या फोनवर बोलण्याचं. आवाज इतका गोड की तक्रार करायला फोन केलेली माणसं शेवटी तिचीच विचारपूस करायची. एकानं तर तुम्ही गाता का म्हणून विचारलं होतं. ऑफिसातून बाहेर पडली की मात्र पुण्याला तिच्या आवाजाशी काही देणंघेणं नसायचं. चौकात जिमची पत्रकं वाटणारी पोरं मला सोडून तिच्याच हातात कागद कोंबायची. बसमध्ये शेजारची जागा रिकामी असली तरी लोक उभे राहायचे. एकदा ती खोकल्यासाठी डॉक्टरांकडं गेली, सोबत मी होते. डॉक्टर दहा मिनिटं भात आणि साखरेवर बोलले. वंदाक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, “डॉक्टर, ते झालं. आता खोकल्याचं सांगा.” डॉक्टरांनी गुपचूप औषध लिहून दिलं.

तिला लग्न करायचं होतं. ते ती लपवत नव्हती. “मला घर पाहिजे, भांडायला माणूस पाहिजे,” असं सरळ म्हणायची. मोबाइलवर तिनं आपली माहिती टाकली होती, आणि फोटो उभा, डोक्यापासून पायापर्यंतचा. मी म्हटलं, “आक्का, नुसत्या चेहऱ्याचा टाक की. चेहरा किती छान आहे तुझा.” ती म्हणाली, “आणि बाकीची मी काय मागनं ट्रॉलीत येऊ?”

भेटायचं ठरलं की आदल्या दिवशी आम्ही दोघी त्या हॉटेलात जाऊन यायचो. खुर्च्या बघायच्या, बिनहाताच्या असल्या तरच जागा पक्की. एवढं करूनही माणसं टिकत नव्हती. फोटो उभा असूनही त्यांना प्रत्यक्षात धक्का बसायचा. पाच-सात मिनिटांत बहुतेकांना एक फोन यायचा आणि अचानक कुठंतरी जावं लागायचं. वंदाक्का त्यांना ‘फोनवाले’ म्हणायची. मी एकदा कुतूहलानं विचारलं, “ते उठून गेल्यावर तू काय करतेस?” ती म्हणाली, “मसाला डोसा मागवते. त्याच्यासमोर सँडविचवर भागवलेलं असतं ना.” त्या दिवशी खोलीवर आल्यावर मात्र ती भिंतीकडं तोंड करून झोपली. मी हाक मारली नाही. ती जागी होती हे मला माहीत होतं.

तिच्या बोलण्यात सारखे अण्णा यायचे. अण्णा म्हणजे तिचे वडील. साखर कारखान्यात वजनकाट्यावर त्यांनी तीस वर्षं काढली. उसानं भरलेला ट्रॅक्टर काट्यावर उभा करायचा, ऊस खाली केल्यावर तोच ट्रॅक्टर रिकामा तोलायचा, मधला फरक तो ऊस. अण्णांच्या हातच्या पावतीवर कुणी हुज्जत घालत नसे. आकडा लिहिताना चुकला तर ते गिरवायचे नाहीत की खोडरबर लावायचे नाहीत. आडवी एक रेघ मारायची, चुकलेला आकडाही वाचता आला पाहिजे, त्याच्यावर खरा आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. शाळेत वंदाक्कानं गणिताच्या वहीत असंच केलं म्हणून तिला मास्तरांनी विचारलं होतं, ही सही कशाला? ती म्हणाली होती, “चूक माझी हाय म्हणून.”

मग ढोकीहून निरोप आला, तेर गावचं स्थळ येतंय, रविवारी बघायचा कार्यक्रम. मुलगा सोलापुरात नोकरीला. वंदाक्का म्हणाली, “पाचट, तू पण चल. तुला बघायला लई आवडतंय ना?” मी एका पायावर तयार.

अण्णा पहिल्यांदा दिसले ते अंगणात, पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा. घरातल्या हाताच्या खुर्च्या त्यांनी आधीच शेजारी नेऊन ठेवल्या होत्या आणि भिंतीला लागून लाकडी बाक मांडला होता. कुणाला काही बोलले नाहीत. मला ते बघूनच हा माणूस आवडला.

पाहुणे आले, पोहे झाले. मुलगा शांत होता, दोनदा वंदाक्काकडं बघून खाली बघत होता. त्याच्या आत्याच्या हातात बायोडाटा होता. अण्णांनी तो छापून घेतला नव्हता, स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून त्याच्या झेरॉक्स काढल्या होत्या. आत्या कागदाकडं बघायची, वंदाक्काकडं बघायची, पुन्हा कागदाकडं. शेवटी म्हणाली, “न्हाय, म्हणजे, हितं अडुसष्ट किलो लिवलंय म्हणून इचारलं.”

वंदाक्कानं हात पुढं करून कागद घेतला. असा आकडा त्यात आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. आईनं लिहिलं असतं तर अक्षर वेगळं असतं. तो आठाचा आकडा अण्णांच्याच हातचा होता. तिनं कागद परत दिला आणि फोनवर बोलायची त्याच गोड आवाजात म्हणाली, “आकडा चुकलाय. सत्त्याण्णव हाय.”

मुलाच्या खिशातला फोन वाजला नाही, पण त्यानं तो काढून बघितला. चहा घेऊन पाहुणे निघाले. पत्रिका बघून कळवतो, असं म्हणाले. अण्णा फाटकापर्यंत गेले आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले.

स्वयंपाकघरात वंदाक्का भांडी विसळायला लागली. मी कप पुसत होते. तिच्या आईनं सुरुवात केली, “सगळेच थोडं कमी-जास्त लिवत्यात, बाई. तुझ्या भल्यासाठीच लिवलं त्येंनी.” वंदाक्का म्हणाली, “तू लिवलं असतंस तर मला काय वाटलं नसतं, आई. अण्णांनी लिवलं. लोकांच्या उसाचं एक किलो हिकडचं तिकडं केलं न्हाय त्यांनी कधी, आणि माझं एकोणतीस किलो कमी केलं. त्यांनाच माझी लाज वाटत असंल तर त्या परक्या पोरांना मी काय म्हणू?” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “उद्या सकाळच्या गाडीनं जायचं. आता परत हितं मला बघायला कुणी येणार न्हाय. आणि मीबी येणार न्हाय.”

पडदा ओढलेला होता, पण पडद्याखाली अण्णांचे पाय दिसत होते. ते कधी परत आले होते कुणास ठाऊक. ते मला दिसले, आणि वंदाक्कालाही दिसले असावेत.

सकाळी आम्ही पिशव्या भरून बाहेर आलो तर अण्णा आंघोळ करून, टोपी घालून बाकावर बसलेले. हातात बायोडाट्याची मूळ प्रत आणि खिशाला पेन.

“वंदे, चल जरा.”

“गाडी हाय अण्णा.”

“गाडीला येळ हाय. आडतवाल्याचं दुकान उघडून घेतलंय.”

“कशाला?”

अण्णा म्हणाले, “काल तू सत्त्याण्णव म्हणालीस. पण म्या काट्यावर बघितल्याशिवाय आकडा लिवत न्हाय.” मग खाली बघत म्हणाले, “एकदाच लिवला. भ्यालो गं पोरी. लोक तुला बघायच्या आधीच नको म्हणतील म्हणून भ्यालो. लाज न्हाय वाटली कधी, तुझ्या गळ्याशपथ.”

वंदाक्कानं पिशवी खाली ठेवली.

धान्याच्या आडत दुकानात पोती तोलायचा काटा होता. आम्ही तिघंच होतो. मालक किल्ली देऊन चहाला गेला होता, की अण्णांनीच त्याला पाठवलं होतं, हे मी पुढं कितीदा विचारलं, अण्णांनी सांगितलं नाही. वंदाक्का चढायला निघाली तसे अण्णा म्हणाले, “चपला काढ. निव्वळ वजन पाहिजे.” तिला हसू आलं. हसता हसता रडू आलं. काट्यावरचा आकडा हलत होता. अण्णा म्हणाले, “हलू नगं, काटा थांबू दे.” ती डोळे पुसून सरळ उभी राहिली. अण्णांनी चष्मा वर करून वाकून आकडा बघितला, पुन्हा एकदा बघितला, मग अडुसष्टवर आडवी रेघ मारली, वर लिहिलं, सत्त्याण्णव किलो चारशे ग्रॅम, आणि शेजारी लपेटदार सही केली.

“आता तू चढ,” वंदाक्का मला म्हणाली. मी त्रेचाळीस भरले. अण्णांना लई वाईट वाटलं. “पोरीला पुण्यात जेवाय घालतीस का न्हाय?” असं तिलाच रागावले.

सकाळची गाडी चुकली. आम्ही संध्याकाळच्या गाडीनं गेलो.

पुढं अण्णांनी त्याच खोडलेल्या कागदाच्या झेरॉक्स सगळ्यांना दिल्या. नातेवाइकांनी डोक्याला हात लावला. दोन-तीन महिने कुणाचा फोन नाही. मग एका माणसाचा अण्णांना आला. तो मूळचा कळंबकडचा, पुण्यात शाळेत चित्रकला शिकवणारा. नाव-गाव सांगून झाल्यावर त्याचा पहिला प्रश्न असा, की बायोडाट्यावर ही सही कुणाची? अण्णा म्हणाले, “माझी. वजन म्या केलंय.” तो म्हणाला, “मग मला त्यांना भेटायचंय.”

भेटीच्या आदल्या दिवशी मी तयार होऊन बसले, हॉटेलातल्या खुर्च्या बघून यायला. वंदाक्का केस विंचरत होती. म्हणाली, “जाऊ दे. कशा का असंनात. हाताच्या असल्या तर त्याला म्हणेन, दुसरी आणा.” मला फार उत्सुकता होती, खुर्च्या कशा निघाल्या याची. दुसऱ्या दिवशी ती भेटून आल्यावर विचारलं तर तिला आठवेचना.

लग्न झालं, पुढं त्याला नागपूरच्या शाळेत नोकरी मिळाली. आता ती त्याच्याबरोबर तिकडंच असते, आणि फोनवर भांडणाचे तपशील सांगते. खोलीतल्या तिच्या कॉटवर दुसरी मुलगी आली आहे, मुलगी चांगली आहे, पण दार उघडलं की मी अजून उगीचच त्या कॉटकडं बघते. मला तिची फार आठवण येते.

मागच्या महिन्यात वाशीला गेले तर आईनं माझा बायोडाटा तयार ठेवला होता. वजन, बावन्न किलो. मी पेन घेतलं, बावन्नवर आडवी रेघ मारली, वर त्रेचाळीस लिहिलं आणि शेजारी सही केली. आई वैतागून म्हणाली, “अगं, असला खाडाखोडीचा कागद कुणाला द्यायचा?”

म्हटलं, “जो सही कुणाची म्हणून विचारील, त्याला.”