नवरात्रातली वाकडी मान

मला नवरात्र नकोसं वाटतं, आणि त्यात देवीचा काही दोष नाही. दोष आमच्या घरातल्या आणि गल्लीतल्या माणसांचा आहे.

त्या वर्षी मला आवाज ऐकू येत होते. घरात कुणी नसताना भिंतीमागून दोन बायका माझ्याबद्दल बोलत राहायच्या, भाजी करपली की हसायच्या. डॉक्टरांनी त्यावर गोळी सुरू केली आणि सोबत एक बारकी पांढरी गोळी दिली. पहिलीनं कधीकधी मान, डोळे, जबडा आखडतो, ते होऊ नये म्हणून ही दुसरी, असं त्यांनी नवऱ्याला आणि सासूबाईंना समोर बसवून सांगितलं. तरी आखडलंच तर लगेच घेऊन या, मनानं काही बंद करू नका, हेही सांगितलं. दोघांनी माना डोलावल्या. घरी येताच सासूबाईंनी बारक्या गोळ्यांचं पाकीट कपाटात टाकलं. इतक्या गोळ्या उष्ण पडतात म्हणे. मी गुंगीत असायचे, हातावर ठेवतील ते गिळायचे.

घट बसून दोन-तीन दिवस झाले होते. संध्याकाळच्या आरतीला गल्लीतल्या बायका आमच्याकडे जमल्या होत्या. टाळ्या वाजवता वाजवता माझी मान डावीकडे ओढली गेली ती परत येईना. डोळे वर चढले, जबडा घट्ट बसला. मला सगळं कळत होतं, फक्त मानेला जीवघेणा पीळ पडला होता. बोलायला गेले तर नुसता घुमल्यासारखा आवाज निघाला.

"देवी आली," सासूबाई म्हणाल्या.

मग काय विचारता! कपाळभर मळवट भरला. शेजारणीनं पाय धरले आणि विचारलं, "माय, माझ्या लेकाला नौकरी कधी लागंल?" मला छताचा पंखा तेवढा दिसत होता. मी हात उचलून कपाटाकडे दाखवलं. त्यांनी कपाट उघडलं आणि माझा लग्नातला शालू काढून मांडीवर ठेवला.

तेवढ्यात नवरा वाळूजच्या कारखान्यातून ड्युटी करून आला. डॉक्टरांसमोर बसून ऐकलेला हाच माणूस. त्यानं दारात बूट काढले आणि हात जोडले.

मी त्याची कॉलर धरून त्याला दाराकडे ओढलं. देवीला कर्णपुऱ्याच्या देवळात जायचंय, असा सगळ्यांनी अर्थ लावला आणि रिक्षा बोलावली. दवाखाना त्याच वाटेवर होता. वळलेल्या मानेनं मला दुकानांवरच्या पाट्याच तेवढ्या दिसत होत्या. दवाखान्याची पाटी दिसली तशी मी रिक्षावाल्याचा खांदा असा गदागदा हलवला की त्यानं ब्रेकच मारला.

इंजेक्शन दिल्यावर थोड्या वेळात मान सुटली. बोलता येताच मी डॉक्टरांना म्हणाले, "ती बारकी गोळी कुठंय, विचारा यांना." ती कपाटात पडून असल्याचं नवऱ्यानं सांगितलं. डॉक्टर चिडले, पण पहिल्या गोळीचं प्रमाण कमी करून त्यांनी दोन्ही गोळ्या लिहून दिल्या.

घरी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "लोकांला देवीच म्हणू दी. तुझं काय जातं?" नणंदेचं लग्न जमवायचं होतं. मला इतका राग आयुष्यात आला नव्हता. देवी म्हणून मिरवायला मी चालत होते, आजारी म्हणून नव्हते.

सकाळी शेजारीण नारळ घेऊन आली. मी दारातच सांगितलं, "काकू, देवी नव्हती. मी मनाच्या आजाराची गोळी घेते, तिच्यानं मान आखडली." तिनं नारळ परत पिशवीत घातला.

आता गोळ्या मीच माझ्या हातानं घेते. तोंड कोरडं पडतं, अंग सुटलंय, त्याचं डॉक्टरांना सांगते, पण गोळी सोडत नाही. भिंतीमागच्या त्या बायका गप्प झाल्या आहेत. दर अष्टमीला शेजारीण गल्लीतल्या सवाष्णींच्या ओट्या भरायला निघते आणि आमचं दार टाळून पुढच्या घरी जाते. जबडा बसला होता तेव्हा तिनं माझे पाय धरले होते. आता मी धड बोलते, तर तिला माझ्या हातचं पाणी चालत नाही.