ढोलीत हात घालायचं झाड

...तर तिसऱ्या दिवशीही त्या झाडाच्या ढोलीत एकाही पोराने हात घातला नाही.

झाड म्हणजे प्लायवुडचं. खेळण्यांच्या दुकानात शिरल्या शिरल्या समोर उभं, थेट छताला टेकलेलं. खोडाला सात ढोल्या. एकीत हात घातला की घुबड डोळे उघडून घुमायचं, दुसरीत घातला की खार शेपूट उडवायची, आणि सातही ढोल्यांत एकदम हात गेले की वर दिवे लागून सगळी कापडी पानं रंग बदलायची. हीच घुबडं, ह्याच खारी शेजारच्या फळीवर विकायला मांडलेल्या. झाड करणारी कलाकार मुलगी मालकीणबाईंना बजावून गेली होती, "मुलांनी हात लावला नाही, तर हे नुसतं लाकूड आहे."

आणि त्या झाडापाशी उभं कुणाला केलं? तर हातनको काकांना! नाव दुकानातल्या पोरींनी पाडलेलं. एकतीस वर्षं काका तिथे विक्रेते, आणि पोरगं फळीकडे वळलं रे वळलं की "हात नको हं बाळ!" म्हणायचं, हे त्यांचं अर्धं काम. तेच म्हणून म्हणून उजवा हात वाहतूक पोलिसासारखा आपोआप वर जायचा. भुवया तर कायमच्या चढलेल्या. घरी नातीने बरणीला हात लावला तरी तेच निघायचं. मग बायको म्हणायची, "अहो, दुकान केव्हाच बंद झालं. आता तरी शटर ओढा!"

मालकीणबाईंनी तिसऱ्या दिवशी स्पष्टच सांगितलं, "काका, शनिवारपर्यंत बघते. नाही चाललं तर झाड मोडायचं, आणि तुम्ही वर गोदामात."

गोदाम तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आणि काकांच्या गुडघ्यांनी जिन्याशी कधीचंच वैर धरलेलं. खोकी घेऊन दिवसभर चढउतार करा म्हणजे घरी बसा, हेच जरा गोड शब्दांत. काका काय ते समजले.

त्यांनी जीव तोडून प्रयत्न केला बिचाऱ्यांनी. आरशासमोर हसून पाहिलं. "ये बाळ, घाल हात" असं घोकून ठेवलं. शुक्रवारी एक चिमुरडी अगदी ढोलीपर्यंत आली, तिने वर पाहिलं आणि काका हसले. झालं! पोर आईच्या पायांत शिरली नि तिने भोकाड पसरलं.

"आजोबा रागावले!"

"नाही गं, हसतायत ते," आई म्हणाली; पण तिलाही खात्री नसावी.

गल्ल्यावरची पोरगी फिदीफिदी हसत म्हणाली, "काका, तुम्ही हसू नका हो, गिऱ्हाईक पळतंय!"

शनिवारी दुपारपर्यंत काका पार गळून गेले. पोटऱ्यांत गोळे, तोंडावर ते उसनं हसू. झाडाच्या कडेला पोरांसाठी ठेवलेलं वीतभर उंचीचं स्टूल होतं. दोन मिनिटं टेकावं म्हणून भिंतीकडे तोंड करून बसले, ते बसलेच. गुडघे असे धरले की उठता येईना की वळता येईना. हाक मारावी तर लाज.

तेवढ्यात पाठीमागे पावलं वाजली. कुजबुज ऐकू आली.

"त्या आजोबांचं लक्ष नाहीये."

"मग घाल ना तू आधी!"

"तू घाल!"

आणि घुबड घुमलं. काकांच्या घशाशी "हात नको" आलं, उजवा हात अर्धा वर गेला. तो त्यांनी डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला आणि तोंड मिटून घेतलं. मागे खिदळणं वाढत गेलं. मग समोरची पांढरी भिंत एकाएकी केशरी झाली, जांभळी झाली. वरची पानं पेटली होती! कुणीतरी ओरडलं, "आई, मला हेच घुबड पाहिजे!"

मालकीणबाई आल्या तेव्हा झाडाभोवती पोरांचा गराडा आणि कडेला काका पाठमोरे. काकांचे गुडघे धरलेत, हे बाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी आणि गल्ल्यावरच्या पोरीने काखेत हात घालून काकांना उठवलं. बाईंनी आपल्या केबिनमधली खुर्ची आणवली नि झाडाकडे तोंड करून ठेवली.

"गोदाम राहू दे, काका. उद्यापासून इथेच बसायचं. पोरांची मजा तरी बघा."

काकांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली, कण्हत टेकले, पाय लांब केले आणि म्हणाले, "नको बाई, भिंतच बरी. पोरं दिसली की माझं तोंड उघडतं, आणि ते मिटून धरायची ताकद आता माझ्यात उरली नाही."