सदरची पायरी

कन्हानहून निघाले तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी, एक नवरा आणि भलताच तोरा होता. बस सुटेपर्यंत माय खिडकीशी उभी होती. एकच गोष्ट तिनं तीनदा सांगितली, "पोहोचली का पत्ता पाठवजो, पोरी." मी नुसती मान उडवली. अठरा वर्षांची होते. अक्कल पेटीत भरायची राहून गेली होती.

पत्ता मी पाठवला, शहरात सदर भागातल्या एका कापडदुकानाचा. 'वरच्या मजल्यावर खोली आहे, गच्चीवरून सगळं सदर दिसतं,' असं वळणदार अक्षरात लिहिलं. आम्ही झोपायचो त्या दुकानाच्या पायरीवर. शटर पडलं की पथारी टाकायची, उघडायच्या आत गुंडाळायची. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. दुकानदार भला माणूस, माझं टपाल सांभाळून ठेवायचा. मायनं उत्तरात विचारलं, गच्चीवर पापड वाळत घालता येतात का. मी लिहिलं, येतात. एवढी थोर होते मी. माय गेली ती त्या गच्चीवर विश्वास ठेवून.

पुढे एका चाळीत खोली मिळाली. दार होतं, दाराला कडी होती, आणि ही महाराणी महिनाभर दाराबाहेर झोपली. रस्त्यावर राहिलेल्या माणसाला चार भिंतींत भीती वाटते. पाऊल कुठून येतंय ते ऐकू येत नाही. नवरा म्हणायचा, "महाल अंदर आहे, राणी." शेजारच्या म्हातारीनं मात्र काही विचारलं नाही. रोज दुपारी सुपात तांदूळ घेऊन माझ्याजवळ निवडत बसायची, आणि रोज वीतभर आत सरकायची. गप्पांच्या नादात मीही सरकायचे. अशी मी घरात गेले.

हे सगळं तुम्हाला, कन्हानला राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं कन्हान सोडलेल्यांना, आज का सांगते आहे? कारण आता मी शहराच्या कडेला बेसाला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. लिफ्ट आहे, वॉचमन आहे. गच्चीसुद्धा आहे, तिथे पापड घालायला सोसायटीची मनाई आहे.

आमच्या कंपाउंडला लागून फुटपाथवरच्या लोकांसाठी एक इमारत झाली. एकेकाला एक खोली, ज्याच्या त्याच्या कमाईप्रमाणे थोडं भाडं. एक ताई रोज येते, औषधं बघते, कागदपत्रं करून देते, कोणी रुसून निघून गेलं तर शोधून आणते. शेजारच्या प्लॉटवर तशीच दुसरी इमारत व्हायची होती. पण ती माणसं भरदुपारी खोल्या सोडून गॅलरीत झोपलेली दिसायची. सोसायटी हसली. सेक्रेटरी मला म्हणाले, "आजी, तुमचं अक्षर छान आहे, अर्ज तुम्हीच लिहा." मी फुगले. 'या लोकांना घराची सवयच नाही, दुसरी इमारत नको,' असं लिहिलं आणि सगळ्यांत वर माझी सही ठोकली. ती माणसं बाहेर का झोपतात, हे अख्ख्या सोसायटीत एकटीला मला माहीत होतं.

अर्जामुळे काम थांबलं. मी नाक वर करून त्या पहिल्या इमारतीत फेरी मारायला गेले. माझ्याच वयाची एक बाई उघड्या दारापुढे चटईवर पडली होती. नाव कौसल्या.

"काहून वं बाई, अंदर पंखा आहे न?"

"अंदर कान बंद होऊन जाते," ती म्हणाली. "तुले नाही समजणार. तू बिल्डिंगवाली."

तीच पुढे बोलली, "माही बहीण अजून सदरले फुटपाथवरच आहे. दुसरी बिल्डिंग झाली का तिले आणतो म्हटलं होतं. तर कोणी अर्जी देली. ताई सांगे, अक्षर मोठं सुंदर आहे म्हणे."

मी हात पदराखाली घेतला.

घरी येऊन त्याच सुंदर अक्षरात दुसरा अर्ज लिहिला. सही मागे घेतली. सदरची पायरी लिहिली, चाळीतला तो महिना लिहिला. सेक्रेटरी म्हणाले, "आजी, हे कशाला उघड करता?" मुलगा बराच वेळ कागद वाचत राहिला. मग म्हणाला, "आई, तू तर आम्हाला गच्ची सांगितली होतीस." मायला सांगितलेलं खोटं मी पोरालाही पाजलं होतं. त्याच्याकडे बघवलं नाही.

अर्जावर निकाल अजून यायचा आहे. कौसल्याला मी माझं अक्षर दाखवलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चटईवर थोडी जागा केली. तेव्हापासून रोज दुपारी सूप घेऊन जाते. घर कशाला म्हणायचं हे मला विचाराल, तर आपल्यासाठी कोणी दारात सूप घेऊन बसतं, त्या जागेला. माझ्यासाठी एक म्हातारी बसली होती, आणि तिचं नावही मी पत्रात कधी लिहिलं नाही.

आज आमचं सूप कौसल्याच्या उंबऱ्यावर आलं आहे.

"तू सरकून राहिली वं," कौसल्या म्हणाली. "मले दिसते."

"तू तांदळातले खडे पाह्य," मी म्हटलं, आणि वीतभर आत सरकले.