पोत्यांच्या जागी आम्ही दोघी

माझे थोरले दीर म्हणजे काटकसरीचा डोंगर. उन्हात स्वतःची सावली खर्च होईल म्हणून ते शेजाऱ्याच्या सावलीत उभे राहत. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात कोपरगावजवळ गोदावरीच्या कोरड्या पात्रात जत्रा भरणार होती. गावातला एक ट्रकवाला जाणं-येणं, जेवण, पाळण्याचं तिकीट असं सगळं एकत्र बांधून लोकांना न्यायचा. दीर म्हणाले, "त्याचं पोट आपन कशाला भरायचं? गाडी आपली, भाकरी आपली. पाळण्याचं म्या बगतो."

आमच्या ह्यांना कारखान्यातून सुट्टी नव्हती. म्हणून दीर, जाऊ आणि नवी नवरी मी, अशी तिघंच बैलगाडीनं निघालो, तेही जत्रेच्या आदल्या दिवशी. गर्दी नसली की सगळं स्वस्त, हा दिरांचा शोध.

पात्रात पाणी तर नव्हतंच, पण कावळाही नव्हता. इतकी शांतता, की वाळू तापून तडतडताना ऐकू यायची. पाळणेवाले चार पाळण्यांचा लाकडी रहाट उभा करत होते. उंच किती, तर वर बसलं की पुण्यातल्या माणसांची ताटं मोजता यावीत. चाचणीसाठी समोरासमोरच्या दोन पाळण्यांत घालायला त्यांनी वाळूची पोती भरून ठेवली होती. दिरांनी पोत्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"पोती कशाला चढवता? ह्या दोघी बसत्यात. तुमचं वजन हुईल, आमची फेरी फुकट. ती वाळू वता खांबाच्या खड्ड्यात, भरून निघंल."

पाळणेवाल्यांचे कष्ट वाचले. त्यांनी पोती खड्ड्यात रिकामी केली, एका पाळण्यात जाऊबाईंना आणि समोरच्या पाळण्यात मला बसवलं.

पहिल्याच फेरीत वरून दिसलं. डाव्या खांबाच्या बुडाशी ती कोरडी वाळू हळूहळू खाली चालली होती. खांब तिच्यात उतरत होता, एखादा माणूस विहिरीत पाय सोडून बसावा तसा.

ओरडावं, तर खाली थोरले दीर. लग्न झाल्यापासून मी त्यांच्यासमोर ब्र काढला नव्हता. आमच्यात तशी रीतच नव्हती. मी जाऊबाईंना हाका मारल्या. त्यांनी डोळे घट्ट मिटलेले.

"जाऊबाई! त्यांना सांगा, खांब बुडतोय!"

त्यांनी डोळे उघडले, पाहिलं आणि किंकाळी फोडली, "अवंऽ, आयकलं का!" नवऱ्याचं नाव घेता येत नव्हतं. खाली दहा बाप्ये, सगळेच 'अवं'. दहाही जण हसले. रहाट फिरतच राहिला.

मग खांब कण्हला. हसू थांबलं, रहाटही थांबला. जाऊबाई खाली, मी आभाळात. त्या उतरायला निघाल्या, तसा पाळणेवाला ओरडला, "हलू नका! तोल गेला तर वरची बाई रहाटासकट खाली यील! तिच्यासमोर कुनीतरी बसायलाच पायजे!"

पटका आवळून दीर जाऊबाईंच्या शेजारी चढले, मगच त्यांना उतरू दिलं. रहाट मुंगीच्या पायांनी फिरला. मी खाली येत होते, ते वर जात होते. मधे आम्ही एका उंचीला आलो. त्यांचे ओठ पांढरे पडलेले.

मी खाली आले. माझ्या जागी पोती घालायची होती आणि पोती तर रिकामी. सगळे ओंजळींनी वाळू भरायला लागले. एकेक पोतं माझ्या शेजारी चढवलं, तेव्हा कुठं मी पाय खाली टेकला. वर दीर मागे वळून खाली वाकले. खांब पुन्हा कण्हला.

"भावजी, हलू नका!"

तो आवाज माझा होता. एवढा मोठा माणूस, पण मूर्तीसारखा बसून राहिला. त्यांना खाली आणेपर्यंत जाऊबाईंनी माझं मनगट सोडलं नाही.

परतीच्या वाटेवर गावाची झाडं दिसायला लागली, तेव्हा दिरांनी मागे न पाहता मला पहिल्यांदाच थेट विचारलं,

"खांब बुडतोय ते तुला कवा दिसलं?"

"पहिल्याच फेरीला."

त्यांनी कासरा ओढला. बैल थांबले. बराच वेळ त्यांनी ते हाकलेच नाहीत.