हेल्गाबाईंचा डबा

पुण्याहून येऊन लंडनच्या हाउन्सलोत भाचीकडे उतरलो होतो, तिथून निघतानाच गुडघे कुरकुरत होते. भाची मृदुला एअरपोर्टच्या ड्यूटीला निघाली होती. बूट चढवता चढवता म्हणाली, "अहो मामा, पोस्टाने पाठवा ना! त्या डब्यासाठी लीड्सपर्यंत कशाला मरताय?" पण पिशवीत सोळा एमएम फिल्मचं रीळ होतं, चाळीस वर्षं सांभाळलेलं. असली वस्तू हातानेच द्यायची असते. पिकॅडिली लाइनच्या मेट्रोने किंग्ज क्रॉस स्टेशन गाठलं, दोन जिने चढलो, दमलो आणि लीड्सच्या ट्रेनमध्ये जाऊन आदळलो.

डबा हेल्गाबाईंचा. त्या जर्मन, प्रायोगिक चित्रपट करणाऱ्या. मी पुण्याच्या फिल्म लॅबमध्ये नवा लागलो होतो तेव्हा एकदा आल्या, नदीकाठी एक रीळ काढलं, आमच्याकडे डेव्हलप करून घेतलं आणि डबा फिल्म धुण्याच्या खोलीत मोरीपाशी ठेवून म्हणाल्या, "असू दे, मी येईन." आल्याच नाहीत. लॅब बंद पडली तेव्हा मी तो घरी आणला. या वर्षी त्यांचा निरोप आला. डोळे अधू होत चालले आहेत, ते जायच्या आत शेवटची फिल्म करायची आहे, डबा हवा आहे. उघडून पाहिलं तर रीळभर बुरशी! आम्ही लॅबवाले. बुरशी दिसली की हात शिवशिवतात. काडीला कापूस गुंडाळून, चौकट न् चौकट पुसत महिनाभर बसलो. खालचं नदीचं पाणी पुन्हा दिसायला लागलं तेव्हा बायकोला हाका मारून दाखवलं होतं.

लीड्सला पाऊस नव्हता, पण उकाडाही नव्हता, नुसतं ढगाळ. टेकाडावरची लाल विटांची घरं एकाला एक चिकटलेली, आणि हेल्गाबाईंचं नेमकं चढाच्या टोकाला. चौऱ्याऐंशीच्या बाईंनी हात धरून मलाच आत घेतलं. काळा पाव आणि कोबीचं सूप पुढे ठेवलं. सूप आंबट होतं, पण भुकेला चाललं.

जेवता जेवता त्या सांगत होत्या. वडिलांचा फोटो स्टुडिओ बॉम्बहल्ल्यात जळला. ढिगाऱ्यातून निघालेल्या अर्धवट वितळलेल्या निगेटिव्ह त्यांनी लहानपणी उन्हाला धरून पाहिल्या होत्या. पुढे इंग्लंडला आल्या, इथल्या आर्ट कॉलेजात शिकवलं. पण हळूहळू कॅमेरा सुटला. मग त्या मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. कपड्यांच्या दोरीवर फिल्मच्या पट्ट्या वाळत होत्या. कंपोस्टच्या (पालापाचोळा कुजवून केलेल्या खताच्या) ढिगातून त्यांनी एक पट्टी ओढून काढली. मातीने आणि किड्यांनी ती जागोजागी खाल्ली होती.

"चित्र ही माती, हे किडे काढतात. मी फक्त वाट बघते," त्या म्हणाल्या. "आणि तुमचा डबा! पुण्याची बुरशी, चाळीस वर्षांची. तेवढी वाट बघायला आता माझ्याकडे वेळ नाही. म्हणून शेवटची फिल्म तीच."

अरे देवा! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. डबा तसाच हातात देऊन पळ काढावा असंही क्षणभर वाटलं. पण सांगितलं.

त्यांनी रीळ खिडकीशी नेलं, डोळ्याला टेकवलं, बोटांमधून फिल्म सरकवत राहिल्या.

"सगळी पुसली?"

"सगळी."

"फार स्वच्छ काम आहे," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. निरोप घेतला तेव्हा त्या उठल्या नाहीत.

स्टेशनवरच्या बाकावर शेजारच्या बाईने विचारलं, "ऑल राइट, लव्ह?" (तिकडे अनोळखी माणसालाही लव्ह म्हणतात.) "दमलोय," म्हटलं. तिने पर्समधून पेपरमिंट काढून दिलं.

हाउन्सलोला पोचलो तर मृदुलाने वरणभात लावला होता. "खूश झाल्या का हो बाई?"

"त्यांची फिल्म मी धुऊन टाकली गं," म्हटलं आणि ताट सारून उठलो.

गुडघ्याचं मलम शोधायला सूटकेस उघडली. तळाशी माझी कामाची वही होती आणि वहीत पाकीट. आमच्या लॅबची शिस्त होती: साफसफाईला हात घालण्याआधी चित्र सुरू होतं तिथली हातभर पट्टी कापून ठेवायची, म्हणजे साहेबांनी विचारलं तर 'आधी' कसं होतं ते दाखवता येतं. लॅब गेली, साहेबही गेले, माझी कात्री मात्र सवयीने चाललेली. पट्टी खिडकीशी धरली. बाहेर अजून उजेड होता. हिरवे, तपकिरी डाग, ओल्या भिंतीवर उमटतात तसे, आणि त्यांच्या मधून नदी. जन्मभर मी असले डाग काढले, पण ते कधी नीट पाहिले नव्हते. मला लाज वाटली.

हेल्गाबाईंना फोन लावला. "हातभर आहे," मी म्हणालो. "पडद्यावर जेमतेम अडीच सेकंद."

त्यांनी विचारलं, "सुरुवातीची की शेवटची?"

"सुरुवातीची. उद्या सकाळी घेऊन निघतो."

"या," त्या म्हणाल्या. "शेवट मी करीन."