पाणी भरणाऱ्या मावशींचं मत

सोनईजवळच्या आमच्या शाळेत पाणी भरायला एक मावशी येत. मी नववीला नागरिकशास्त्र शिकवू लागलो की त्या रिकामी घागर घेऊन खिडकीखाली बसत आणि माझ्या प्रत्येक वाक्याला हळूच "व्हय" म्हणत. एखादं वाक्य पटलं नाही तर गप्प राहत. मग मी ते पुन्हा समजावून सांगे.

बहात्तरच्या निवडणुकीत मतदान शाळेतच होतं. बायकांच्या रांगेत मावशी सर्वांत पुढे होत्या, शेजारच्या पुरुषांच्या रांगेत मी. त्यांच्या हातात मतपत्रिका पडताच गावातले एक वजनदार गृहस्थ पुढे झाले. शाळेतल्या नोकऱ्या त्यांच्याच शब्दावर चालत.

"आण इकडं, मी मारतो शिक्का," ते म्हणाले. मतदान अधिकाऱ्यांनी मान खाली घातली. मीही नजर दुसरीकडे वळवली.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "न्हाई दादा. मत गुप्त असतंय. तुमी भाईर थांबा."

"उद्या कामावर यायचंय ना?"

"यायचंय की," म्हणून त्या पडद्याआड गेल्या. ‘मत गुप्त असतं’ हे माझंच वर्गातलं वाक्य होतं.

तेवढ्यात मागची बाई शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाली, "तुमी बी भाईर थांबा." तो मुकाट्याने निघाला. संध्याकाळपर्यंत बायकांच्या रांगेकडे एकही पुरुष फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीच्या वेळी पाणी भरायला आल्या. त्यांना अडवायची कोणाची छाती झाली नाही.