डॉक्टरांनी शोधलेला पत्ता

नवऱ्याचं कौतुक चारचौघांत करू नये म्हणतात. काळजी नको, मी करणारच नाहीये. अजून डोकं तापलेलं आहे माझं.

ऑफिसात त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. आमच्या बँकेचा मोठा कॉम्प्युटर, मेनफ्रेम, मध्येच बंद पडला, की त्या क्षणी त्याच्या पोटात जे काही असेल ते एका फाइलमध्ये उतरतं. तिला डंप म्हणायचं. आकड्या-अक्षरांचा नुसता उकिरडा! तो उपसून यंत्र कशाने गेलं ते सांगायचं, हे याचं काम. हुशार आहे, नाही म्हणत नाही. पण बोलला की ब्रह्मवाक्य. भाजीत मीठ नाही म्हणाला की नाही, मग बाकी सगळे पाण्याचे ग्लास शोधत असोत.

डंप वाचायच्या टूलमध्ये यंत्राच्या आतल्या जागांना, म्हणजे पत्त्यांना, नावं देता येतात. त्यांना सिम्बॉल म्हणतात. नाव टाइप केलं की टूल तो पत्ता उघडून दाखवतं. पण ती नावं त्या एका डंपपुरती. यंत्र पुन्हा सुरू झालं की आतल्या सगळ्या प्रोग्रॅमांचा मुक्काम हलतो. आमच्या डॉक्टरांना मात्र दरवेळी नव्याने शोधायचा कंटाळा. जुन्या डंपमधली नावं सरळ नव्यात ओढायची. टूल बिचारं कुरकुरायचं, 'या जागेवर अपेक्षित खूण नाही.' तीही कटकट नको म्हणून यांनी इशारेच बंद करून ठेवलेले!

त्या दिवशी भर कामाच्या वेळी यंत्र बसलं. शाखांमधून फोनवर फोन. दुपारच्या मीटिंगमध्ये डॉक्टर उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "व्याजाचा प्रोग्रॅम चालू होता. त्यानेच घोळ घातला."

व्याजाचा प्रोग्रॅम माझा. पहिल्या ओळीपासून मी लिहिलेला.

"नावं तपासलीस का?" मी विचारलं.

"मला शिकवू नकोस."

साहेबांनी तिथल्या तिथे प्रोग्रॅम माझ्याकडून काढून घेतला. उद्यापासून मी तक्रारींचे फोन घ्यायचे म्हणे. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात, आणि तीही घरच्याच माणसामुळे! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

घरी मी भांडी अशी आपटली की शेजारच्या काकू बघायला आल्या. डॉक्टर पेपर वाचत होते.

दुसऱ्या दिवशी तक्रारींचे फोन गेले उडत. मी सरळ त्याच्या टेबलाशी गेले. "ऊठ," म्हटलं. उठला. माझा तो आवाज त्याला ओळखीचा आहे. त्याने ओढलेली सगळी नावं मी पुसली, इशारे चालू केले आणि टूलला नव्याने शोधायला लावलं. यंत्र पडलं तेव्हा छपाईचं काम चालू होतं. माझा प्रोग्रॅम गपगुमान रांगेत बसलेला, फक्त बसलेला त्या जुन्या पत्त्यावर, जिथे मागच्या डंपमध्ये 'चालू काम' होतं. म्हणजे चोर केव्हाच घर सोडून गेला होता, आणि या शहाण्याने तिथली बेल वाजवून दार उघडणारीलाच धरलं.

त्याचा चेहरा उतरला. "चुकलं गं," हळूच म्हणाला.

"इथे नको. जिथे बोललास तिथे बोल."

मीटिंग भरली. डॉक्टरांनी घसा खाकरला. "टूलमध्ये जरा गडबड होती. आता सापडलंय, दोष छपाईच्या कामात आहे."

"वा, डॉक्टर!" साहेब म्हणाले. सगळ्यांच्या माना डोलल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभी राहिले. "टूलला तोंड नाही म्हणून त्याच्यावर ढकलतोयस. मला आहे!" आणि जुनी नावं, बंद केलेले इशारे, सगळं सगळं सांगितलं. प्रोग्रॅम परत मिळाला. सॉरी म्हणायचं मात्र साहेबांना सुचलं नाही.

संध्याकाळी गाडीत बसल्यावर त्याने आधी काचा वर केल्या. मग तो म्हणाला, "चारचौघांत माझी इज्जत काढलीस."

"काढली," मी म्हणाले. "पण आधी पत्ता तपासून काढली."